जागलीचा चहा : रब्बी २०२४-२५ च्या नोंदी

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. हरभरा, तूर, थोडा गहू. नोव्हेंबर लागला की रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) जागल, म्हणजे रात्रीची राखण, करावी लागते, आणि ज्या आठवड्यात रातची लाईन (शेतीची वीज) असते त्या आठवड्यात ओलीतही अंधारातच. मचाणांवर मोठे बाबा, चुलतभाऊ (दादा), शेजारच्या वावराचे मामा आणि मी. पोलीस भरतीची तयारी करणारा भाचा अधूनमधून येतो. चहा रात्रभर चालूच असतो, तरी तीन-साडेतीनला सगळे गारद होतात आणि डुकरं नेमकी तेव्हाच हरभऱ्यात शिरतात. मागच्या साली एका रात्रीत धुऱ्याकडचा (बांधाकडचा) सगळा पट्टा त्यांनी उलथवला. झटका मशीनचा (विजेच्या कुंपणाचा) खर्च सगळ्या वावराला झेपत नाही. म्हणून यंदा चहाकडेच नीट बघायचं ठरवलं. कुणाला जागलीवर किंवा रात्रपाळीवर असंच काही करायचं असेल तर ह्या नोंदी कामी येतील.

९ नोव्हेंबर

आज फक्त मोजमाप. दारव्ह्यातून खिशात मावणारा डिजिटल काटा आणला, ३५० रुपये. "एक चमचा पत्ती" हे माप किती फसवं आहे ते लगेच कळलं. घरचा तोच चमचा मोठ्या बाबांनी भरला तर चार ग्रॅमच्या वर, मी भरला तर अडीच. मामांचा त्याहून शिगोशीग.

पत्तीत कॅफिन साधारण २ ते ४ टक्के असतं. म्हणजे २ ग्रॅम पत्तीत जास्तीत जास्त ४० ते ८० मि.ग्रॅ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत चहाच्या एका कपाला ३० ते ६५ मि.ग्रॅ. धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० मि.ग्रॅ. सांगितलीय. जागलीच्या रात्री गंजात (पातेल्यात) जाणारी पत्ती तोलली आणि भागिली. मोठे बाबा एका रात्रीतच ही मर्यादा ओलांडतात. दिवसाचे कप वेगळे.

मोठे बाबा म्हणाले, "तू आमाले च्या पाजून रायला का औषध देऊन रायला?"

दोन्ही.

१२ नोव्हेंबर

आतापर्यंतची पद्धत अशी: रात्री दहाला तीन दगडांच्या चुलीवर गंज चढवायचा, चहा उकळून उकळून काळा करायचा, मग तोच गंज दर तासाला तापवायचा. फिका वाटला की वरून अर्धा चमचा पत्ती. सगळ्यांचा समज एकच, जितका कडक तितकी झोप लांब.

हे बरोबर नाही. जिभेला जे कडक लागतं ते मुख्यतः टॅनिन, म्हणजे तुरटपणा. तो उकळत ठेवलं की वाढत जातो. कॅफिन गरम पाण्यात लवकर विरघळतं, आणि आपली पत्ती सीटीसीची (यंत्रात चुरडलेली), दाणा बारीक, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांच्या उकळीतच बहुतेक कॅफिन पाण्यात येऊन गेलेलं असतं. पुढची उकळी तोंड कडू करते, पोटात जळजळ आणते, डोक्याला फारसं काही देत नाही. उलट घोटाळा असा की दहाला दोन मोठे पेले रिचवले की सगळ्यात जास्त माल तेव्हाच पोटात जातो, आणि तेव्हा गरज सगळ्यात कमी असते. दोनला गरज असते तेव्हा गंजाच्या तळाशी थोडा तुरट चहा उरतो.

बदल: गंज बंद. पत्तीच्या दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या घरून बांधून न्यायच्या. ज्याला जेव्हा प्यायचा तेव्हा ताजा, चार मिनिटं उकळून गाळायचा. मामांना अजिबात पटलं नाही. "हा च्या हाय का कोमट पानी?" त्यांच्यासाठी आलं ठेचून टाकायला लागलो, तिखटपणा आला की तक्रार थांबते.

१५ नोव्हेंबर

झोप किती आली हे विचारून उपयोग नाही. पेंगणारा माणूस "मले काई नाई झालं" असंच म्हणतो. मोजायला काहीतरी हवं. शाळेत करतात तो पट्टीचा प्रयोग घेतला: एकानं तीस सेंटिमीटरची पट्टी सोडायची, दुसऱ्यानं दोन बोटांत पकडायची. १५ सें.मी. वर पकडली तर ०.१७५ सेकंद लागले, २० वर ०.२०२, २५ वर ०.२२६. म्हणजे पट्टी जितकी घसरली तितका मेंदू उशिरा.

पहिल्या रात्रीचे आकडे फेकून दिले. पहाटे चार वाजता सगळ्यांची पट्टी खूप घसरली आणि मी खुश झालो की थकवा दिसला. दादानं विचारलं, बोटं बधिर आहेत त्याचं काय? बरोबर होतं. थंडीत बोटंच मिटत नव्हती. आता नियम: आधी शेकोटीवर हात शेकायचे, मग पट्टी. शिवाय सरावानंच आकडा सुधारतो, म्हणून सुरुवातीच्या रात्रींचं काही धरायचं नाही. ह्यात जवळपास आठवडा वाया गेला.

दुसरं मोजमाप सोपं आणि मला जास्त भरवशाचं वाटतं. ठरलेल्या वेळी मी दुसऱ्या मचाणावर फोन लावतो, किती रिंगनंतर उचलला ते लिहितो. मामांच्या मचाणावर नेटवर्क एकाच कोपऱ्यात येतं, त्यामुळे फोन तिथे खिळ्याला टांगलेला.

१९ नोव्हेंबर

प्रयोग बंद ठेवला. उद्या विधानसभेचं मतदान. गेला आठवडाभर गावात प्रत्येक ओट्यावर चहा फुकट होता, कुणी दिवसभरात किती प्यालं याचा हिशोब कुणाकडेच नाही. दिवसाचे कप माहीत नसतील तर रात्रीच्या आकड्यांना अर्थ नाही. कॅफिन अंगात अर्धं व्हायला सरासरी पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात. संध्याकाळी सहाला प्रचारात मारलेले दोन कप रात्री अकराला अर्ध्या ताकदीनं हजर असतातच.

२५ नोव्हेंबर

नकली चहा करायचा होता, ज्यात कॅफिन जवळजवळ नसेल पण पिणाऱ्याला कळणार नाही. नाहीतर "चहा प्यालो" ह्या समजुतीनंच माणूस जागतो आणि आपण श्रेय कॅफिनला देतो.

गवती चहा आणि तुळस यांत कॅफिन नसतं. पहिला प्रयत्न त्याचाच, दूध घालून. मोठ्या आईनं घोट घेतला आणि म्हणाली, "काहून बा, पत्ती संपली का घरची?" संपला प्रयोग.

दुसरा प्रयत्न: पत्ती धुऊन घ्यायची. अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून पाणी फेकलं की कॅफिन जातं, असं बरेच लोक सांगतात. जात नाही, तेवढ्या वेळात थोडंच निघतं. मी भरपूर पाण्यात पंधरा मिनिटं उकळून पाणी ओतून दिलं, चोथा पिळला, पुन्हा एकदा तेच केलं. ह्यात कॅफिन अगदी शून्य होत नसेल, पण उरतं ते नगण्य. अडचण अशी की रंगही गेला आणि तुरटपणाही. रंगासाठी साखर कढईत तांबूस-काळी होईपर्यंत जाळून घातली, ती चालली. चवीला आलं, दोन मिरे, गवती चहा. मग वाटलं साखरेऐवजी गूळ घालावा, वास चांगला येईल. दूध फाटलं. पूर्ण एक लिटर. गूळ घालायचाच तर गंज उतरवल्यावर, उकळी बसल्यावर घालायचा, दुधासोबत उकळायचा नाही.

शेवटी असली चहातही तेच आलं, मिरे, गवती चहा आणि जळकी साखर टाकली. नकली चांगला करण्यापेक्षा असली त्याच्यासारखा करणं सोपं गेलं. दोन थर्मास, एकाला लाल दोरा, एकाला हिरवा. कुठल्यात काय हे फक्त मोठ्या आईला माहीत, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवते. मला सांगायचं नाही हे तिनं फार मनावर घेतलं. विचारलं तर हाकलून देते.

६ डिसेंबर

कॅलेंडर उघडलं. चौघांचा खेळ आहे, ह्याला संशोधन म्हणू नये, पण जे दिसलं ते असं.

पिऊन झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात असली-नकलीत काहीच फरक नाही. दोन्ही रात्री सगळे "तरतरी आली" म्हणाले, गप्पा वाढल्या. गरम पेला, गोड घोट, चहा प्यालो हे समाधान, सगळं त्यात आलं. आणि खरं तर कॅफिन रक्तात पुरतं चढायला अर्धा-पाऊण तास लागतोच.

फरक नंतर. दादाची पट्टी असली चहाच्या रात्री तीनच्या सुमारास १८ सें.मी.च्या आसपास, नकलीच्या रात्री २४-२५. मामांच्या रिंगा वाढल्या, एकदा फोन उचललाच नाही, मी टॉर्च घेऊन गेलो तर घोंगडीत घोरत होते. मोठ्या बाबांमध्ये मात्र फारसा फरक नाही. त्याचं कारण पुढे सापडलं.

साखरेचा वेगळा मुद्दा. मामांचा विश्वास की झोप साखरेनं जाते, म्हणून त्यांच्या पेल्यात तीन चमचे. २०१९ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला, त्यात साखरेनं मूड सुधारल्याचं काही दिसलं नाही, उलट तासाभरात थकवा वाढतो आणि सावधपणा कमी होतो असं निघालं. मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मंग गोड कशाले बनवलं देवानं?" तीन चमचे कायम.

भाच्यानं विचारलं की चहा झोप घालवतो म्हणजे नेमकं काय करतो. माणूस जागा असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, ते पेशींवरच्या आपापल्या जागी बसलं की गुंगी येते. कॅफिनचा आकार त्याच्याशी मिळता. ते त्या जागांवर एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं बसतं, काम काही करत नाही, फक्त जागा अडवतं. अ‍ॅडेनोसिन दारव्हा स्टँडवरच्या गर्दीसारखं मध्ये उभंच राहतं आणि वाढत जातं. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. म्हणून चहानं थकवा गेलेला नसतो. पहाटे साडेपाचला मोटारसायकलवर घरी निघतो तेव्हा हे लक्षात ठेवायचं.

११ डिसेंबर

मोठे बाबा बिडी ओढतात. मामा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात. दादा काहीच नाही.

बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं कॅफिन फोडणारं एन्झाइम वाढतं. ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगानं निघून जातं. मोठ्या बाबांना चहा "लागत नाही" तो ह्यामुळे, आणि जन्मभराची सवय आहेच. म्हणून ते कप वाढवत गेले. हे काम धुरातल्या घटकांचं, तंबाखूतल्या निकोटिनचं नाही, त्यामुळे खर्र्यानं तसं होत नाही. पण खर्र्यातली सुपारी आणि निकोटिन दोन्ही स्वतःच उत्तेजक आहेत, त्यामुळे मामांचे आकडे चहाचे की खर्र्याचे हे सांगता येत नाही. प्रयोगापुरता खर्रा बंद ठेवा म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. त्यांची नोंद त्यांच्याशीच ताडायची, दुसऱ्याशी नाही.

कुणी बिडी सोडणार असेल तर हे मात्र माहीत असू द्या: चहा तेवढाच ठेवला तर अंगात कॅफिन जास्त वेळ टिकायला लागतं. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं हे सगळं बिडी सुटल्यामुळेच असं वाटतं. चहाही त्याच वेळी कमी करायचा.

१७ डिसेंबर

थंडी वाढली. आता वेळापत्रक.

जुनी पद्धत दहाला दोन मोठे पेले. नवी: दहाचा चहा बंद, त्या वेळी झोप तशीही येत नाही. पहिला बाराला, मग दीड-दोन तासांनी अर्धा पेला, शेवटचा तीनच्या आत. एका पुडीत दोन अर्धे पेले. २००४ साली एका प्रयोगात लोकांना दर तासाला अगदी थोडं थोडं कॅफिन देऊन लांब जागवलं होतं, तेव्हा अशा लहान मात्रा कामी आल्या होत्या. आमच्याकडेही हेच जास्त चांगलं चाललं. मोठ्या पेल्यानंतर दादा तासभर फार बोलतो, मग चिडचिडतो, ओलिताचा पाईप सरकवताना माझ्यावर खेकसतो. अर्ध्या पेल्यांच्या रात्री तो खेकसला नाही. हे पट्टीवर दिसत नाही, पण मचाणावर सोबत बसणाऱ्याला कळतं.

सगळ्यात जास्त कामी आली ती दुसरीच गोष्ट. चहा पिऊन लगेच आडवं व्हायचं, पंधरा-वीस मिनिटं. कॅफिन चढू लागायला तेवढाच वेळ लागतो, तोवर डुलकीनं थोडं अ‍ॅडेनोसिन उतरतं, उठता उठता दोन्हीचा फायदा मिळतो. ब्रिटनमध्ये १९९७ साली झोपाळलेल्या चालकांवर हे करून पाहिलं होतं, नुसत्या कॅफिनपेक्षा दोन्ही मिळून सरस ठरलं. आम्ही जोड्या लावल्या. अडीचला एक जण पितो आणि पडतो, दुसरा पहाऱ्यावर, मग उलट.

पहिल्यांदा फसलं. गजर अर्ध्या तासाचा लावला होता, मामा गाढ झोपेतून उठले ते भेलकांडत, मचाणाची शिडी दिसेना. वीस मिनिटांच्या वर जाऊ द्यायचं नाही. गजराचा फोन जागणाऱ्याच्या हातात ठेवायचा, झोपणाऱ्याच्या उशाशी नाही.

नवीन पद्धत सुरू झाल्यापासून साडेतीनचा फोन दुसऱ्या-तिसऱ्या रिंगला उचलला जातोय. डुकरं येतात, पण हाकलली जातात.

२२ डिसेंबर

भाचा पानठेल्यावरून ताकद देणारा डबा घेऊन आला, "ह्यानं रात्रभर झोप येत नाही". भारतातल्या नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मि.ग्रॅ. कॅफिन चालतं. २५० मिलीचा डबा म्हणजे जास्तीत जास्त ७५. आमच्या एका पुडीएवढंच, किंमत मात्र कितीतरी पट आणि साखर मूठभर. तरी त्याचं प्यायचं कारण वेगळं होतं. दिवसभर मैदानावर धावून, संध्याकाळी अभ्यास करून, वर दोन डबे आणि आमचा चहा. रात्री एकला म्हणाला, छातीत धडधडतंय, हात थरथरतायत, पेपर चांगला जाणार नाही असं वाटतंय.

कॅफिननं काही लोकांना सरळसरळ भीती वाटायला लागते. सगळ्यांना नाही, जन्मजात फरक असतो. पण घाबरट विचार आधीच डोक्यात असतील तर धडधड त्यांना खतपाणी घालते, माणसाला वाटतं आपण घाबरलोय म्हणून छाती उडतेय. त्याला पाणी पाजलं, मचाणावरून घरी पाठवलं. लेखी परीक्षेच्या आठवड्यात जागलीवर यायचं नाही असं वहिनीनं बजावलं.

३० डिसेंबर

ही नोंद जागलीची नाही, पण लिहितो.

वहिनीला सहावा महिना. दिवसभर कापूस वेचायला जाते आणि "थकल्यासारखं वाटते" म्हणून चहा, तोही जेवणासोबत. आशाताई लोहाच्या गोळ्या देऊन गेल्या होत्या, त्याही चहासोबतच गिळत होती. आशाताईंनी काल बघितलं आणि मोठ्या आईसमोरच रागावल्या. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, ते अंगात नीट शोषलं जात नाही. म्हणजे रक्त कमी म्हणून थकवा, थकवा म्हणून चहा, चहामुळे गोळी वाया, पुन्हा थकवा. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको असं सांगितलंय.

गरोदरपणात कॅफिन अंगातून फार हळू जातं, शेवटच्या महिन्यांत अर्धं व्हायला पंधरा तासही लागू शकतात. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली गरोदर बाईसाठी दिवसाला २०० मि.ग्रॅ.ची मर्यादा सांगितली, इतर मोठ्या माणसांसाठी ४००. आता वहिनीला दिवसाला दोन लहान कप, जेवणापासून लांब. गोळी लिंबूपाण्यासोबत. माझा काटा आणि पुड्या जागलीपेक्षा इथे जास्त कामाला आल्या असं मोठी आई म्हणते. तिचं चुकत नाही.

८ जानेवारी

कुणीतरी सांगितलं की ग्रीन टी प्या, त्यात थिअ‍ॅनिन असतं, डोकं शांत राहून जागं राहतं. यवतमाळहून एक डबा आणला. मामांनी पहिला घोट शेकोटीत थुंकला.

थिअ‍ॅनिन खरं आहे. १९४९ साली जपानमध्ये हिरव्या चहात सापडलं, मेंदूपर्यंत पोचतं, आणि ते दिल्यावर मेंदूतल्या अल्फा लहरी वाढताना दिसल्यात, ज्या शांत पण जाग्या अवस्थेत दिसतात. कॅफिनसोबत दिलं तर लक्ष जरा जास्त टिकतं असंही दिसलंय. पण अशा एका प्रयोगात ९७ मि.ग्रॅ. थिअ‍ॅनिन दिलं होतं, सोबत ४० कॅफिन. २०११ सालच्या एका मोजणीत २०० मिली काळ्या चहात सरासरी २४ मि.ग्रॅ.च्या आसपास थिअ‍ॅनिन निघालं, हिरव्यात त्याहूनही कमी. आपला पेला त्याच्या अर्धा. म्हणजे डब्यावरची जाहिरात वाचून जे वाटतं ते एका पेल्यात मिळत नाही, आणि आपल्या पत्तीतही थिअ‍ॅनिन आहेच. कॉफीपेक्षा चहा "सौम्य" वाटतो त्यात त्याचा थोडा हात असेल, पण मोठं कारण पेल्यात कॅफिनच कमी असतं हे आहे. ग्रीन टीचे पैसे वाया. उरलेला डबा मोठ्या आईनं फराळाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलाय.

२० जानेवारी

घाट्यांचे (हरभऱ्याच्या शेंगा भरायचे) दिवस, जागल कडक. रात्र सुधारली पण दिवस बिघडला होता. सकाळी सातला अंथरुणात पडून दादाला नऊपर्यंत झोप नाही. त्याचे कप तपासले तर तो पहाटे पाचला, निघायच्या आधी, स्वतःच एक पुडी उकळून पीत होता. २०१३ सालच्या एका अभ्यासात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मि.ग्रॅ. कॅफिननंही झोप तासाभराहून जास्त कापली होती. दादा पीत होता त्याच्या बराच कमी, पण झोपायच्या फक्त दोन तास आधी.

तीननंतर पुडी नाही हा नियम पक्का केला. पहाटे मोटारसायकल चालवायची भीती होती, त्यावर उपाय चहा नाही, जो सगळ्यात जास्त झोपला त्यानं चालवायचं. खोलीच्या खिडकीला पोत्याचं तरट लावलं. आता तो साडेसातला झोपतो आणि एकपर्यंत उठत नाही.

१६ फेब्रुवारी आणि नंतर

हरभरा सवंगला (कापला). जागल संपली. मोठ्या बाबांनी जोशात जाहीर केलं, उद्यापासून चहा बंद, तुमच्या पोथीत लिहाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं धरून बसले. संध्याकाळी चिडचिड, जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही, "ताप आला वाटते". ताप नव्हता. चहा एकदम तोडला की १२ ते २४ तासांत असं सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, आठवडाभरही रेंगाळू शकतं. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी यादीत ह्याची वेगळी नोंद आहे. त्यांनी मेडिकलवरून डोकेदुखीची गोळी आणली, तासाभरात बरं वाटलं. पाकीट उलटून बघितलं, गोळीत पॅरासिटामॉलसोबत कॅफिन. म्हणजे चहा सोडून चहाच घेतला.

रोज सकाळच्या पहिल्या कपानं जे बरं वाटतं त्यातला बराच भाग हाच असतो, रात्रभर कॅफिन न मिळाल्यानं आलेली मरगळ उतरते. न पिणारा माणूस सकाळी त्याच जागी असतो जिथे आपण कप पिऊन पोचतो. मोठ्या बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मंग च्या नाई पेणारा सकाळी काय करते?"

पुड्यांनीच उतरवायचं ठरलं. दोन ग्रॅमच्या पुड्या दीडच्या केल्या, तीन-चार दिवसांनी एकच्या. कप तेवढेच, पत्ती कमी. डोकं दुखलं नाही. दिवसाला तीन कपांवर आले, त्याखाली जायची त्यांची तयारी नाही आणि गरजही नाही.

१ मार्च

खर्च: काटा ३५०, दोन थर्मास मिळून १,१०० (एकाचं झाकण पहिल्याच आठवड्यात गळायला लागलं, स्टीलचाच घ्यावा), ग्रीन टीचा डबा २२०, फाटलेलं दूध, जाळलेली साखर. पत्तीचा खर्च मागच्या सालापेक्षा कमी आला, कारण गंजात वरून टाकणं बंद झालं. नासधूस यंदा धुऱ्यालगतच्या थोड्या ओळींतच.

पुढच्या साली करायचं: वेळापत्रक आणि डुलकीची जोडी पहिल्या रात्रीपासून लावायची, पट्टीत वेळ घालवायचा नाही, फोनच्या रिंगा पुरतात. खर्र्याचा काही उपाय सुचत नाही. पुड्यांना वर्तमानपत्राचा कागद वापरू नका, शाई पत्तीला लागते. चहाच्या पाकिटाच्या आतला चंदेरी कागद कापून ठेवा, तो दमटही होत नाही.